नाट्यसंगीत डोक्यात जातं, पण आवडावं असंही वाटतंय? मग असं ऐकत जा

नाट्यसंगीत म्हटलं की चॅनल बदलणारी भरपूर माणसं आहेत आणि त्यांच्या तक्रारी जवळपास सारख्याच असतात. शब्द कळत नाहीत, एकच ओळ किती घोळवतात, आवाज नाकातला वाटतो, ताना (सुरांच्या भराभर धावत्या माळा) संपतच नाहीत. पण यातल्याच बऱ्याच जणांना आतून वाटत असतं की आपल्या आईबाबांना किंवा आजोबांना ज्यात एवढं काही सापडतं ते आपल्याला पण सापडायला हवं. हा लेख त्यांच्यासाठी आहे. ज्यांना आवडूनच घ्यायचं नाहीये त्यांना काही म्हणणं नाही, सगळ्यांना सगळं आवडलंच पाहिजे असं कुठे आहे.

आधी मुद्दा सांगतो कारण खालचं सगळं त्यावरच उभं आहे. गाणं आवडतं ते कानाला पुढे काय येणार याचा अंदाज यायला लागला की. अंदाज बरोबर आला तर मजा येते आणि गायकाने तो जरासा चुकवला तर अजून मजा येते. जिथे अंदाजच येत नाही तिथे नुसता आवाज ऐकू येतो आणि आवाजाचा कंटाळा येणारच. रॉबर्ट झायन्स नावाच्या मानसशास्त्रज्ञाने १९६८ साली दाखवलं होतं की अनोळखी शब्द, चिनीसारखी दिसणारी अक्षरं, अनोळखी चेहरे, हे लोकांना जितक्या जास्त वेळा दाखवावेत तितके ते बरे वाटायला लागतात. म्हणजे ओळख वाढली की आवड वाढते. पण ज्याचा मनापासून राग आहे ते गाणं नुसतं रिपीटवर टाकून आवडेल असं समजू नका, उलट जास्त नावडतं होईल. ओळख कशी करून घ्यायची याला पद्धत आहे.

पहिलं काम: नक्की काय नको वाटतं ते शोधा

"मला नाट्यसंगीत आवडत नाही" हे फार मोघम झालं. एक पद लावा, कुठलंही, आणि ज्या क्षणी बंद करावंसं वाटेल तिथे पॉज करून स्वतःला विचारा की आत्ता काय खटकलं. गळा? वेग? भाषा? जुन्या रेकॉर्डची खरखर? की ते गाणं लागलं की जे आठवतं ते? हे शेवटचं कारण लोक धरतच नाहीत, पण दहावीच्या वर्षात पहाटे उठवून अभ्यासाला बसवायचे आणि शेजारच्या खोलीत रेडिओवर हेच चालू असायचं, अशा माणसाला चाल नाही ती पहाट नावडती असते. त्याने तेच पद दुसऱ्या वेळेला, दुसऱ्या जागी ऐकावं, रात्री जेवणानंतर गच्चीवर किंवा लांबच्या ड्राइव्हला, आणि शक्यतो दुसऱ्या गायकाचं. बाकीच्या कारणांचे उपाय खाली येतातच.

सुरुवात कुठून करायची

सगळ्यात जास्त गडबड इथे होते. कोणीतरी सांगतं की बालगंधर्व (जुने गायक-नट, बायकांच्या भूमिका करायचे) ऐका, आपण थेट शंभर वर्षांपूर्वीची रेकॉर्ड लावतो आणि दोन मिनिटांत बंद करतो. बालगंधर्व ऐकायचेच आहेत, पण थोडे नंतर.

इतिहास थोडक्यात डोक्यात असू द्या म्हणजे कुठलं गाणं कुठल्या काळातलं ते कळतं. १८८० मध्ये अण्णासाहेब किर्लोस्करांचं शाकुंतल हे संगीत नाटक आलं, १८८२ मध्ये सौभद्र. त्यातल्या पदांच्या चाली बऱ्याचशा साकी, दिंडी, कीर्तन, लावणी अशा लोकांच्या ओळखीच्या होत्या. मग १९११ चं मानापमान, खाडिलकरांचं, ज्याला गोविंदराव टेंबेंनी उत्तरेकडच्या ठुमरी-दादरा या हलक्या शास्त्रीय गाण्यांच्या वळणाच्या चाली दिल्या, आणि १९१६ चं स्वयंवर, ज्याच्या चाली भास्करबुवा बखल्यांच्या, म्हणजे थेट रागदारी, शास्त्रीय गाणं. पुढे बऱ्याच वर्षांनी, साठच्या दशकात, संगीतकार जितेंद्र अभिषेकींनी सगळा बाजच बदलला. पदं आटोपशीर झाली, शब्द सोपे झाले, ताना कमी आणि भाव जास्त.

म्हणून माझा सल्ला असा की उलटं चालत जा. अभिषेकींपासून सुरुवात करा. 'काटा रुते कुणाला' हे 'हे बंध रेशमाचे' मधलं, शब्द शांता शेळकेंचे आणि गायलंय स्वतः अभिषेकींनी. 'गर्द सभोती रान साजणी' हे १९६४ च्या मत्स्यगंधा मधलं, आशालताबाईंनी गायलेलं. ही दोन नाट्यगीतं आहेत हे न सांगता कोणाला ऐकवलीत तर तो भावगीतं म्हणूनच ऐकेल, आणि भावगीत ऐकायची सवय आपल्या बहुतेक घरांत असतेच. या दोन गाण्यांवर एक आठवडा काढा. घाई नको.

शब्द आणि प्रसंग समजून घ्या, हे टाळू नका

नाट्यपद हे नाटकातल्या एका माणसाचं एका क्षणाचं बोलणं असतं. तो माणूस आणि तो क्षण काढून टाकला तर उरतात जोडाक्षरं. 'वद जाऊ कुणाला शरण' हे सौभद्र मधलं पद घ्या. नुसतं ऐकलं तर रडगाणं वाटतं. पण गाणारी सुभद्रा आहे, तिला अर्जुन हवाय आणि मोठा भाऊ बलराम तिचं लग्न दुर्योधनाशी ठरवून बसलाय, घरात ज्याच्याकडे दाद मागायची तोच हे करतोय, आणि ती विचारतेय की मी जाऊ कोणाकडे. हे माहीत असताना पुन्हा ऐका. तीच ओळ चार वेळा का येते ते कळेल, कारण उत्तर मिळत नाहीये ना तिला, अडकलेला माणूस तेच ते विचारत राहतो.

करायचं काय, तर पदाचे शब्द 'आठवणीतली गाणी' या साइटवर काढा. तिथे बऱ्याच पदांना नाटकाचं नाव, गायक, संगीतकार आणि राग दिलेला असतो. एकदा गाणं न लावता शब्द मोठ्याने वाचा, गद्यासारखे. अडलेले शब्द शोधा. नाटकाचं कथानक दोन परिच्छेदांत वाचा, जास्त नको. मग गाणं लावा आणि शब्द समोर ठेवून ऐका. पुढच्या वेळी शब्द न बघता. या एका सवयीने अर्धी तक्रार जाते असा माझा अनुभव आहे, निदान "काय म्हणतायत तेच कळत नाही" ही तर जातेच.

सम पकडायला शिका (इथे सगळ्यात जास्त वेळ द्या)

"एकच ओळ किती घोळवतात" ही तक्रार ज्याला समेचं भान आलेलं नाही त्याची असते. मी हे नावं ठेवायला म्हणत नाहीये, शाळेत कोणी शिकवतच नाही आपल्याला हे.

तबल्याचा ताल गोल फिरतो. तीनताल १६ मात्रांचा, एकताल १२ चा, झपताल १०, केरवा ८, दादरा ६. गोल पूर्ण झाला की पहिली मात्रा परत येते, ती सम. पदाची पहिली ओळ, म्हणजे मुखडा, अशी बांधलेली असते की तिचं एक ठरावीक अक्षर दरवेळी समेवर पडतं. गायक मधे कुठेही भटकला, वर गेला, खाली आला, लांबलचक तान घेतली, तरी त्याला ते अक्षर घेऊन त्या ठोक्यावर परत यायचंच असतं. सगळी गंमत या परत येण्यात आहे. तो येणार हे आपल्याला माहीत असतं, कसा येणार ते माहीत नसतं.

आता प्रत्यक्ष कसं करायचं. थोडं सावकाश चालीचं पद घ्या. पहिल्यांदा गायकाकडे लक्षच देऊ नका, फक्त तबला ऐका. मुखडा दोनतीनदा येईपर्यंत थांबा. दरवेळी एका अक्षरावर तबल्याचा ठोका भरीव, घुमणारा लागतोय असं जाणवेल, त्या अक्षरावर मांडीवर टाळी द्या. मुखडा परत आला की परत तिथेच. चार वेळा तीच जागा आली म्हणजे तुम्हाला सम सापडली. नाही सापडली तर मात्रा मोजायच्या भानगडीत लगेच पडू नका, दुसरं पद घ्या, काही पदांत मुखडा समेच्या बराच आधी सुरू होतो आणि नवख्याला चकवतो. सापडली की मग पुढचा खेळ: गायक आलाप (सावकाश सूर फुलवणं) घेत असताना मनातल्या मनात मुखडा चालू ठेवा आणि टाळी आपण द्या, तो येतो का बघा. तो तुमच्या टाळीवर अचूक येऊन बसला की तोंडातून आपोआप "वा" जातं. मैफलीतल्या म्हाताऱ्या लोकांच्या माना एकदम का हलतात ते त्या दिवशी कळतं.

मग तान कंटाळवाणी राहत नाही, कारण आता तुम्ही तिची वाट बघताय की ही बाई एवढ्या लांब गेलीय, आता परत कशी येणार? तबला नीट ऐकायची सवय इथे लावून घ्या, पुढेही कामाला येते. उस्ताद अहमदजान थिरकवांसारखा तबलजी बालगंधर्वांच्या गंधर्व नाटक मंडळीत वर्षानुवर्षं साथीला होता, म्हणजे या संगीतात ठेक्याची बाजू किती तोलामोलाची मानली जायची ते बघा.

ओळखीच्या चालीवरून अनोळखी पदाकडे

ही माझी सगळ्यात आवडती युक्ती. तुम्हाला आधीपासून आवडणारं एखादं सिनेमाचं गाणं किंवा भावगीत आणि एखादं नावडतं नाट्यपद एकाच रागात, म्हणजे सुरांच्या एकाच चौकटीत, असतं. आधी आवडतं ऐका, संपलं की लगेच पद लावा. कानात ते सूर ताजे असतात, त्यामुळे पदातली वळणं अर्धी ओळखीची वाटतात. रागाची माहिती असायची गरज नाही, कान आपोआप जोडून घेतो. या जोड्या करून बघा:

- 'तोच चंद्रमा नभात' आणि मग स्वयंवर मधलं 'नाथ हा माझा'. दोन्ही यमन.
- 'नैनों में बदरा छाये' आणि मग 'स्वकुलतारक सुता'. भीमपलास.
- 'तेरे सुर और मेरे गीत' आणि मग 'मम आत्मा गमला हा'. बिहाग.
- 'मेघा छाये आधी रात' आणि मग संन्यस्त खड्ग मधलं 'मर्मबंधातली ठेव ही'. पटदीप.

शेवटच्या जोडीने सुरुवात करा. 'मेघा छाये' मधला तो जीव कातरणारा सूर 'मर्मबंधातली' मध्ये पण तसाच भेटतो आणि शब्द सावरकरांचे, चाल वझेबुवांची, तीही मनात बसायला सोपी. एका वेळी एकच जोडी, आणि एका जोडीवर दोनतीन दिवस तरी राहा. चारही एका बसणीत ऐकल्यात तर सगळ्याची खिचडी होईल आणि हाती काहीच लागणार नाही.

तेच पद, दुसरा गळा

पुष्कळदा आपल्याला पद नाही, ते गाणारा गळा खटकत असतो. नाट्यसंगीतात एक सोय अशी की प्रत्येक गाजलेलं पद अनेकांनी गायलंय. दीनानाथ मंगेशकरांचा तो टोकदार, चमकता गळा पहिल्या ऐकण्यात काहींना झेपत नाही. तर 'चंद्रिका ही जणू', 'युवती मना', 'परवशता पाश दैवे' ही त्यांची पदं आधी आशाताईंच्या आवाजात ऐका, तो आवाज तर आपल्या ओळखीचा. मग वसंतराव देशपांड्यांचं 'परवशता' ऐका आणि शेवटी दीनानाथ. तिथे पोचाल तेव्हा चाल पाठ असेल आणि दीनानाथ काय वेगळं करतायत तेवढंच ऐकायचं उरेल. 'प्रिये पहा' साठी असंच प्रभाकर कारेकरांपासून सुरू करा, त्यांच्या गाण्यात एक मोकळेपणा आहे, नवीन माणसाला तो आवडतो.

पण या पायरीसाठी सगळ्यात भारी उदाहरण म्हणजे १९६७ च्या कट्यार काळजात घुसली मधलं 'घेई छंद मकरंद'. नाटकातच ते दोनदा येतं, दोन वेगळ्या रागांत, दोन वेगळ्या घराण्यांच्या, म्हणजे गायकीच्या परंपरांच्या, तोंडी. नाटकातल्या पंडितजींचं धानी रागात, प्रसाद सावकारांनी गायलेलं. त्यांचे प्रतिस्पर्धी खाँसाहेब यांचं सालगवराळी रागात, वसंतरावांनी गायलेलं. शब्द नाटककार दारव्हेकरांचे, चाली दोन्ही अभिषेकींच्या. अर्थ आधी बघा: भुंगा फुलातल्या मधाने धुंद झालाय, कमळाच्या पाकळ्या मिटतात, तो आत कोंडला जातो, तरी त्याचं गुणगुणणं थांबत नाही. आता आधी धानीतलं ऐका, भुंगा कसा हलका, भिरभिरता, खुशीत आहे. मग लगेच सालगवराळीतलं. तेच शब्द, पण आता त्या धुंदीत काहीतरी खोल, हट्टी, थोडं दुखरं आहे, आणि 'छंद' हा शब्दच वसंतराव असा काही फिरवतात की तो भुंगा कोंडला गेलाय याची आठवण राहते. हे दोन मागोमाग शांतपणे ऐकल्यावर रागाने काय फरक पडतो ते कोणी समजावून सांगायची गरज राहत नाही. थेअरीची पुस्तकं यानंतर वाचा, आधी नको.

ज्यांना २०१५ च्या कट्यार सिनेमामुळे गोडी लागलीय त्यांनी तिथून मूळ नाटकाच्या ध्वनिमुद्रणाकडे जावं. सिनेमात शंकर महादेवन आहेत, खाँसाहेबांसाठी राहुल देशपांडेंचा आवाज आहे, साउंड आजचा आहे. पूल म्हणून फार चांगला, पण पुलावरच थांबू नका.

आता जुन्या रेकॉर्डी

बालगंधर्व, दीनानाथ, केशवराव भोसले यांच्या रेकॉर्डी ऐकताना दोन गोष्टी लक्षात ठेवा. ७८ च्या तबकडीच्या एका बाजूला साधारण तीन-साडेतीन मिनिटंच मावायची. नाटकात जे पद वन्समोअर घेत कितीतरी वेळ रंगायचं ते इथे कोंबलेलं आहे, त्यामुळे घाई जाणवते ती गायकाची नाही, तबकडीची आहे. दुसरं, सुरुवातीच्या रेकॉर्डी तर मायक्रोफोन नसताना भोंग्यासमोर गाऊन केलेल्या, आणि थिएटरातही माइक नव्हते, शेवटच्या रांगेतल्या माणसापर्यंत आवाज पोचवायचा तर गळा उघडा आणि पट्टी चढी लागणारच. "नाकातला" वाटणारा आवाज बराचसा यातून आलाय.

प्रॅक्टिकल सांगायचं तर या रेकॉर्डी इअरफोनवर ऐकू नका, खरखर थेट कानात शिरते. खोलीत छोट्या स्पीकरवर लावा, इक्वलायझरमध्ये ट्रेबल थोडा कमी करा, आवाज मध्यम ठेवा, आणि स्पीकरपासून जरा लांब बसा. पदाचे शब्द आणि चाल आधीच पाठ असलेलंच पद निवडा, 'नाथ हा माझा' बेस्ट. पहिल्या फेरीत फक्त बालगंधर्व शब्द कसे टाकतात तेवढं ऐका. ते सुराच्या आधी बोलणं सांभाळतात. रुक्मिणी कृष्णाबद्दल बोलतेय, आणि तो लाडिक हक्क 'माझा' या शब्दात ऐकू येतो. पुरुष बाईचं काम करतोय हे सुरुवातीला विचित्र वाटत असेल तर वाटू दे, तिसऱ्या-चौथ्या वेळेपर्यंत रुक्मिणीच उरते.

किती वेळा, कसं

एका वेळी एकच पद. दिवसातून एकदा मन लावून, आणि जमलं तर एकदा काम करताना मागे चालू. मन लावून म्हणजे फोन उलटा ठेवून, तेवढी पाच-सात मिनिटं. त्रास व्हायला लागला तर मधेच बंद करा आणि दोन दिवस सोडून द्या, सुट्टीनंतर तेच पद जास्त ओळखीचं वाटतं. नुसत्या तानांचे रील बघत बसू नका. संदर्भ नाही, मुखडा नाही, सम नाही, फक्त कसरत, त्याने नाट्यसंगीत म्हणजे गळ्याची सर्कस हाच समज पक्का होतो. दोन-दोन तासांच्या प्लेलिस्ट पण नकोत. आणि घरातल्या कोणी "बघ, आता कसं आवडायला लागलं" असं म्हटलं तर वाद घालू नका, उलट त्यांना विचारा की तुमचं आवडतं पद कुठलं आणि ते कोणाचं ऐकलंत. आधीच्या पिढीकडे प्रत्यक्ष प्रयोगांच्या आठवणी असतात आणि त्या कुठल्याच ॲपवर मिळत नाहीत.

तोंडाने म्हणा

आवाज कसाही असू दे. मुखडा तुमच्या पट्टीत गुणगुणा. रेकॉर्डच्या पट्टीत म्हणायला गेलात तर गळा ताणेल आणि वैताग येईल, तानपुऱ्याच्या ॲपवर आपला आरामाचा सा शोधा आणि तिथे म्हणा. ताना जाऊ द्या, फक्त मुखडा आणि समेवर टाळी. एखादी छोटी जागा, म्हणजे ती हरकत किंवा मुरकी, जी ऐकताना सहज वाटली होती, ती गळ्यातून काढायला गेलं की समजतं की त्या अर्ध्या सेकंदात काय काय भरलंय. त्यानंतर तुम्ही ते पद पहिल्यासारखं ऐकूच शकत नाही.

प्रयोगाला जा

हे शेवटी ठेवलंय कारण तोवर आठ-दहा पदं ओळखीची झालेली असावीत. पुण्यात भरत नाट्य मंदिर, मुंबईत गिरगावचं साहित्य संघ, पार्ल्याचं दीनानाथ नाट्यगृह इथल्या जाहिरातींवर लक्ष ठेवा, सौभद्र किंवा मानापमान कधी ना कधी लागतंच, नाट्यगीतांचे कार्यक्रम तर बरेच होतात. गोव्यात असाल तर देवळांच्या जत्रांत संगीत नाटक होतं तिथे जा. दीनानाथ आणि अभिषेकी दोघंही मंगेशीचे, तिथल्या साध्या प्रेक्षकाचा कान सुद्धा इतका तयार असतो की दाद कुठे द्यायची ते त्यांच्याकडे बघूनच शिकता येतं. परदेशात असाल तर महाराष्ट्र मंडळांच्या गणपतीत, दिवाळीत असे कार्यक्रम असतात, विचारून ठेवा.

तिकीट पुढचं काढा आणि तबलजी दिसेल अशा बाजूला बसा. गायक तान घेऊन निघाला की तबलजीच्या चेहऱ्याकडे बघा, सम जवळ आली की तो हलकेच मान वर करतो. त्या क्षणी तुम्ही पण टाळी धरा. घरी येऊन त्याच रात्री, त्या दिवशी आवडलेलं एकच पद परत ऐका, आणि ते यमनात किंवा बिहागात असेल तर दुसऱ्या दिवशी त्याच रागातला एखादा अर्ध्या तासाचा ख्याल, म्हणजे सावकाश रंगवत गायलेलं शास्त्रीय गाणं, लावून बघा, निदान पहिली दहा मिनिटं.